चुन्याखालची घागर

मंडळी,

बसा. दारात उभे आहेत त्यांनी आत या, जागा आहे. आणि नाववाली केवट मंडळी बाहेर ओट्यावर का बसली आहेत? आज तरी आत या. मंगतू, तू इथं पुढं ये, माझ्या समोर बस.

मला बोलता येत नाही. मी पाथरवट माणूस, माझं काम दगडाशी, आणि दगड उलट बोलत नाही. माझ्या आधी आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी दिनकरराव बोलले, छान बोलले. मास्तर बोलले, तेही छान बोलले. खंडेराव किती शांत होते, किती सेवाभावी होते, नर्मदामाईचे किती भक्त होते, आणि शेवटी माईनंच त्यांना पोटात घेतलं, असं सगळं बोलून झालं. काही जणांनी डोळे पुसले. मीही तसंच काही बोलून खाली बसेन असं तुम्हाला वाटत असेल.

मी बोलणार नव्हतो. सकाळी तेराव्याचं आटपलं तेव्हा काकूंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "सखाराम, तू बोल." म्हणून उभा आहे. आणि उभा राहिलोच आहे तर खरं बोलेन. कुणाला राग आला तर येऊ दे. मला तेरा दिवस येतोय.

माईनं पोटात घेतलं, म्हणे! माईवर ढकलू नका. खंडूकाकांना पाण्यात आपण घातलं. आपण म्हणजे कोण, तेही सांगतो, आणि सुरुवात माझ्यापासून करतो.

धारहून, धरमपुरीहून पाहुणे आलेत. त्यांना आमच्या घाटाची गोष्ट ठाऊक नसेल, म्हणून थोडं मागून सांगतो. आमचं गाव दोन आळ्यांचं. वरची आळी टेकडीला लागून, खालची आळी घाटाला लागून. काकांच्या आजोबांना धारच्या दरबारानं इथं नेमलं. काम एकच. पावसाळ्याचे चार महिने नदीवर नजर ठेवायची आणि वेळ आली की नगारा वाजवायचा. माझे पणजोबा दरबाराबरोबर आलेल्या कारागिरांतले. घाट त्यांनी बांधला, आणि पायऱ्यांच्या उजव्या भिंतीवर तीन खुणा कोरल्या. सगळ्यात खाली मासा. त्याच्या वर घागर. सगळ्यात वर पणती. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळावं म्हणून चित्रं. पाणी माशाला लागलं, गुरं वर न्या. घागरीला लागलं, नगारा वाजवा आणि खालची आळी रिकामी करा. पणतीला लागलं, तर काही घेऊ नका, पोरं उचला आणि टेकडीवर पळा. बस. एवढंच शास्त्र होतं.

आणि दुसरी एक रीत होती. खालच्या आळीतल्या प्रत्येक घराला वरच्या आळीत एक घर ठरलेलं. आषाढ लागायच्या आत खालच्या घराचं बियाणं वरच्या घराच्या कोठीत जायचं. नगारा वाजला की माणसंही तिथंच जायची. माझ्या घराला मंगतू केवटाचं घर होतं. त्याच्या आईची चूल आमच्या परसात मांडायची, आणि माझी आई तिच्याशी रोज सरपणावरून भांडायची. भांडून झालं की दोघी एकमेकींच्या उवा बघत बसायच्या. पण बियाणं कधी मूठभर कमी झालं नाही. मंगतू, झालं का कधी? मान हलवतोय बघा.

मग दरबार गेला, मध्यभारत झाला. काकांची नेमणूक संपली. त्यांना कुणीतरी म्हणालं, आता कशाला घाटावर बसता, घरी बसा. काका म्हणाले, "संस्थान विलीन झालं. नदी अजून झालेली नाही." आणि बसले तिथंच. सहा-सात पावसाळे बसले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देत नव्हतं. घोंगडी डोक्यावर घेऊन बसलेले ते तुम्हाला सगळ्यांना आठवत असतील. आठवतात ना? मग पुढचंही आठवा.

गेल्या वर्षी सोसायटी झाली. चांगली गोष्ट झाली, मीही सभासद आहे. गोदाम बांधायचं ठरलं. कुठं बांधलं? खालच्या आळीत. का? तिथून नावेत माल चढवायला बरं. काका म्हणाले, "अरे, घागरीच्या खाली गोदाम बांधताय." आपण काय म्हणालो? आपण म्हणालो, विमा काढणार आहोत.

विम्याचा एजंट आला. कोट घातलेला, गोड बोलणारा. म्हणाला, आग लागली तरी कंपनी भरून देईल, पूर आला तरी भरून देईल. गोदामाचंही देईल, खालच्या आळीतल्या घरांचंही देईल. एक कागद, बस, मग निवांत झोपा. आणि जाता जाता म्हणाला, एक आहे, जिथं पुराचं पाणी येतं तिथला विमा कंपनी घेत नाही. आमचे साहेब मुआयना, म्हणजे पाहणी, करायला येतील, ते घाट बघतील.

आता मला सांगा मंडळी, जिथं पूर येत नाही त्यानं पुराचा विमा घेऊन काय करायचं? हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. आपल्याला कागदाची इतकी घाई झाली होती.

याच धर्मशाळेत बैठक झाली. मी त्या खांबाशी बसलो होतो. दिनकरराव म्हणाले, साहेबानं भिंतीवरच्या खुणा बघितल्या तर संपलं. पणती तर गोदामाच्या छपराच्याही वर आहे. चार दिवसांचा प्रश्न आहे, सखाराम, तेवढा चुना फिरव. साहेब गेला की काढून टाक. सगळ्यांनी हो म्हटलं. हात वर केले. ज्यांनी हात वर केले होते ते आज सगळे इथं बसलेत, मी नावं घेत नाही.

एकटे काका उभे राहिले. भांडले नाहीत, ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "मग मी नगारा कशावर वाजवू?"

कुणी उत्तर दिलं नाही. कुणीतरी मागून म्हणालं, "काका, तुमको तो अंदाजा हेज, भिया!" अंदाज आहेच, त्यावर वाजवा म्हणे. आणि माणसं हसली. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी मी चुना मळला. आणि मंडळी, माझं पाप ऐका. मी नुसता चुना फिरवला नाही. मला वाटलं, साहेब येणार, काम नजरेत भरलं पाहिजे. मी त्यात गूळ घातला. बेलाचा गर घातला. वीट कुटून बारीक चाळून घातली, भिंतीच्या दगडाचा रंग यावा म्हणून. तीन दिवस घोटला. पणजोबांनी कोरलेला मासा, घागर, पणती, माझ्या थापीखाली अशी गेली की मलाच सापडेना कुठं काय होतं. आयुष्यात इतकं चांगलं काम मी केलं नव्हतं. साहेबानं भिंतीवर हात फिरवला आणि विचारलं, ही नवी आहे का? दिनकरराव म्हणाले, जरा डागडुजी केलीय. साहेब माझ्याकडे बघून हसला. आणि मला, सांगायला लाज वाटते, मला अभिमान वाटला.

कागद आला. पेढे वाटले. काका माझ्या दारात आले. "साहेब गेला. काढतोस ना?" मी म्हणालो, "काढतो काका, दोन तासांचं काम." दिनकररावांना विचारायला गेलो तर ते म्हणाले, थांब, पावसाळ्याच्या तोंडावर अजून एक मुआयना होईल. थांबलो. तो मुआयना झालाच नाही. काका परत आले. मी म्हणालो, करतो. ते परत आले. मी म्हणालो, करतो की! माझा आवाज चढला होता. त्यानंतर ते आले नाहीत. आणि गुळाचा चुना जितका जुना होतो तितका घट्ट होतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

आषाढ आला. खालच्या आळीतून एकही पोतं वर गेलं नाही. सगळं बियाणं गोदामात. मंगतूला मी विचारलं, आणत नाहीस का रे? तो म्हणाला, "कागद हे नी!" घरोघरी तेच. कागद आहे ना. कोठी झाडून ठेवली होती माझ्या बायकोनं. रिकामी राहिली.

श्रावणात एकदा पाणी चढलं. काकांनी पायऱ्या मोजून, अंदाजानं, नगारा वाजवला. खालची आळी भांडी-कुंडी घेऊन धावत वर आली. पाणी आळीच्या दोन पायऱ्या अलीकडे थांबलं आणि उतरलं. काय झालं मग? काकांची टिंगल झाली. "काका को तो सपनो आयो थो." आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीनं त्यांना बोलावून समज दिली. नगारा वाजला म्हणजे पूर आला, अशी बातमी कंपनीपर्यंत गेली तर काय? तेव्हा काका, नक्की असल्याशिवाय वाजवायचा नाही. काका म्हणाले, "नक्की कशावरून करू?"

परत कुणी उत्तर दिलं नाही. दोनदा विचारलं त्या माणसानं. सत्तरीच्या म्हाताऱ्यानं, ज्यानं आपली आळी जन्मभर राखली, त्यानं आपल्याला दोनदा विचारलं.

आता त्या दिवशीचं. भाद्रपद होता. आपल्याकडे पावसाचा थेंब नव्हता, स्वच्छ ऊन पडलं होतं. पाऊस कुठं वर पडला असेल, पाणी इथं येत होतं. उन्हात चढणारं पाणी कुणाला खरं वाटत नाही. बायका घाटावर वाळवणं घालून बसल्या होत्या. मी दुपारचा जेवायला बसलो होतो. काका दारात आले. पायांना गाळ. म्हणाले, "सखाराम, टाकी दे, हातोडी दे." मी विचारलं, "कशाला?" म्हणाले, "घागर शोधतो."

मी काय करायला हवं होतं? ताटावरून उठायला हवं होतं. बारा पावलांवर माझी हत्यारं. मला ठाऊक होतं घागर कुठं आहे. बुजवली मीच होती. मी म्हणालो, "कोपऱ्यात आहे बघा, घ्या. तुम्ही व्हा पुढं, मी जेवून आलोच."

आणि मी जेवलो. मंडळी, मी जेवलो. ताक मागितलं. हात धुतले.

पुढचं मंगतूनं बघितलं. तो नगारखान्याखाली नाव बांधत होता. काका पायऱ्या उतरून कमरेइतक्या पाण्यात उभे होते आणि भिंतीवर घाव घालत होते. मंगतू ओरडला, "काका, ऊपर आइ जाव, पाणी को भरोसो नी!" काकांनी मागं बघितलं नाही. टाकी धरायची कशी ते त्यांना ठाऊक नव्हतं. बोटं सोलली असतील. चुना निघत नव्हता. मग एक खपली उडाली, आणि काका ओरडले, "घागरीचा काठ लागला! पाणी काठावर आहे! मंगतू, वाजव!"

मंगतू पळत वर गेला आणि त्यानं नगारा वाजवला. ज्यानं आयुष्यात नगाऱ्याला हात लावला नव्हता त्यानं असा वाजवला की वरच्या आळीतली गुरंसुद्धा उठून उभी राहिली. खालची आळी रिकामी झाली. म्हाताऱ्या, बाळंतिणी, शेळ्या, सगळं वर आलं. मी हात पुसत धावत घाटावर पोचलो तेव्हा मंगतू टिपऱ्या हातात धरून खाली बघत होता. पायऱ्यांवर कुणी नव्हतं. पाणी पणतीकडे चाललं होतं.

खालच्या आळीतलं एकही माणूस दगावलं नाही. आज इथं बसलेल्यांपैकी निम्मे त्या दिवशी खाली होते. छातीवर हात ठेवून बघा, श्वास चालू आहे ना? तो काकांचा आहे.

दोन दिवसांनी केवटांना ते खाली वळणावर सापडले. पाणी उतरल्यावर मी भिंत बघायला गेलो. अर्धी घागर उघडी आहे. काठ, गळा, आणि थोडं पोट. भोवती वेडेवाकडे घाव. शिकाऊ माणसाचे घाव असतात तसे, कुठंही पडलेले. मी तिथं पायरीवर बसून रडलो. मग घरी आलो.

इथवर ऐकलंत. दुःख झालं असेल. आता ज्यासाठी उभा राहिलो ते ऐका.

परवा कंपनीचा साहेब परत येतोय. गोदामाची भिंत पडली, बियाणं कुजलं, त्याची पाहणी करायला. आणि काल संध्याकाळी दिनकरराव माझ्या घरी आले. म्हणाले, सखाराम, ती अर्धी घागर तेवढी परत बुजव. जुनी खूण दिसली तर साहेब म्हणेल, तुम्ही लपवलंत, आणि मग दाणाही मिळणार नाही. तिथून ते काकूंकडे गेले. एक कागद लिहून नेला होता. त्यात लिहिलंय की खंडेराव घाटावर स्नानाला गेले असता पाय घसरून बुडाले. काकूंनी खाली सही करायची.

दिनकरराव, बसा. माझं झालं नाही. बसा म्हणतो ना! तुम्ही वाईट माणूस नाही, हे मी सगळ्यांसमोर सांगतो. तुमच्या खिशात काही जाणार नाही, हेही सांगतो. गावाला रब्बीला बियाणं नाही, त्याची तुम्हाला झोप लागत नाही, हेही मला दिसतं. पण तुम्ही त्या बाईच्या पुढ्यात तो कागद ठेवलात कसा?

काकूंनी काय केलं माहीत आहे? काकूंना वाचता येतं. त्यांनी कागद वाचला, घडी घातली, आणि आज सकाळी माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "अरे सखाराम, ते तर अंघोळ पहाटेच करायचे." एवढंच. चाळीस वर्षं ज्याचं पाणी तापवलं त्याची अंघोळ किती वाजता, हे आता कंपनीसाठी बदलायचं?

हा बघा तो कागद. मी फाडणार नाही. परवा साहेबाच्या हातात देणार आहे, आणि घाटावर नेऊन घागरही दाखवणार आहे. सांगणार आहे, ही आम्ही बुजवली, मी बुजवली, माझ्या हातानं. आणि हेही विचारणार आहे की साहेब, तुम्ही भिंतीवर हात फिरवलात तेव्हा खरंच काही कळलं नाही तुम्हाला? नदीकाठची आळी, गाळानं माखलेल्या पायऱ्या, आणि तुम्हाला वाटलं इथं पाणी येत नाही? की कागद खपवायची तुम्हालाही घाई होती?

विमा बुडेल. हो, बुडेल. कुजबूज चालू आहे तिकडं, ऐकू येते मला. मग पेरणीचं काय? मी सांगतो काय. वरच्या आळीच्या कोठ्या कोरड्या आहेत. प्रत्येक खालच्या घराला एक वरचं घर ठरलेलं आहे, ती रीत कुणी मोडली नव्हती, आपण नुसती विसरलो. मंगतू, तुझं बियाणं माझ्या कोठीतून. माझं निम्मं तुझं. कमी पडेल, दोघांनाही कमी पडेल, अर्धं रान पडीक राहील. राहू दे. बाकीच्या वरच्या घरांनी आपापल्या खालच्या घराकडे बघा. आत्ता बघा, समोरच बसलेत. मान खाली घालू नका. आषाढात ज्यांचं पोतं तुम्ही मागायला गेला नाहीत त्यांच्या तोंडाकडे बघा.

पत्रिकेत आता दोन मिनिटं मौन लिहिलंय. मी इथं मौन धरणार नाही. काकांनी दोनदा विचारलं तेव्हा आपण भरपूर मौन धरलं होतं. माझं पोट भरलंय त्यानं.

मौन धरायचंच असेल तर घाटावर धरू. अजून ऊन आहे. बाहेर ओट्यावर मी टाक्या आणि हातोड्या आणून ठेवल्यात, जेवढ्या घरात होत्या तेवढ्या. ज्यांनी ज्यांनी हात वर केला होता त्यांनी एकेक घाव घालायचा. दिनकरराव, तुम्हीही. चुना सहज निघणार नाही, मी चांगला केलाय. पण मासा उघडा होईल, घागर उघडी होईल, पणती उघडी होईल. काकांनी घातलेले वेडेवाकडे घाव मात्र मी घासून गुळगुळीत करणार नाही. ते तसेच राहतील. पोरं विचारतील हे काय, तर सांगा.

तोंडानं कुणी बोलायचं नाही. फक्त टाकीचा आवाज.

खंडूकाका, तुम्ही विचारलं होतंत, नगारा कशावर वाजवू. उत्तर द्यायला मला ताटावरून उठायला उशीर झाला. आता उठलोय. माझा नमस्कार घ्या.

काकू, पहिला घाव तुमचा. चला.